नलीतला कागद

आमच्या कपाटात पत्र्याची एक नळी आहे. हातभर लांब, झाकण घट्ट बसणारी, हिरवा रंग कधीचाच उडालेला. अब्बा तिला 'नली' म्हणत. जुन्या काळी जहाजावरचे लोक आपला नोकरीचा दाखला अशा नळीत घालून बरोबर बाळगत, म्हणजे तो भिजत नसे, चुरगळत नसे. पुढे दाखल्याचे पुस्तक झाले, त्याला सीडीसी म्हणू लागले, पण जुन्या मंडळींच्या तोंडी नाव राहिले ते नलीच. 'त्याची नली झाली' म्हणजे तो आता जहाजी झाला. लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी एवढे सांगितले, की मुलीकडचे पुढचे फारसे विचारत नसत.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आमचा थोरला मुलगा दुबईहून परत आला. तिथे तो एका खासगी यॉटवर इंजिनिअर होता. यॉट म्हणजे श्रीमंतांची सैरसपाट्याची बोट. पावसाळा सोडून कधीही गेटवेला गेलात, तर यॉट क्लबच्या समोर पाण्यात अशा पांढऱ्या बोटी डोलताना दिसतात. ही त्यांच्यापेक्षा बरीच मोठी, तीस मीटरच्या वर. मालकाने ती विकली आणि नव्या मालकाने आपली माणसे आणली. तीन वर्षांच्या नोकरीचा पुरावा म्हणून मुलाच्या हाती एक पत्र होते. त्यात चार ओळी : हा मुलगा आमच्याकडे कामाला होता, प्रामाणिक आहे, मेहनती आहे, त्याला शुभेच्छा.

आठ दिवसांनी ते पत्र घेऊन तो कचेरीत चौकशीला गेला. संध्याकाळी परतला तो कोणाशी न बोलता अब्बांच्या खाटेजवळ जाऊन बसला.

"काय झालं रे?" अब्बांनी विचारले.

"दादा, माझी तीन वर्षं धरत नाहीत."

"मग किती धरतात?"

"एक दिवससुद्धा नाही."

आम्ही परळच्या बीआयटी चाळीत राहतो. आमच्यातला एक जण ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब लिहितो, दुसरी घरी शिवणकाम करते. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, कारण यातल्या चुकाही दोघांच्या आहेत. आमच्या समाजात, विशेषतः कोकणातल्या घरांत, मुलगा दर्यावर जाणार ही गोष्ट नवी नाही. पण हल्ली त्याला कोणत्या बोटीवर पाठवतो आणि कोणत्या कागदावर पाठवतो, याचा विचार न करता आपण पाठवतो. आम्हीही तेच केले.

आमचे मूळ घर दापोली तालुक्यातले, खाडीकाठचे. अब्बांचे वडील गलबतावर तांडेल होते. लाकूड, भात, आंबा भरून मुंबईला आणायचे आणि परतताना किराणा न्यायचा. अब्बा १९५७ साली मुंबईत आले आणि जहाजावर आगवाला म्हणून लागले, म्हणजे बॉयलरसमोर उभे राहणारा माणूस. पुढे तेलवाला झाले. बरीच वर्षे ते मोगल लाइनच्या जहाजांवर होते. त्या काळी मुंबईहून हाजी जहाजाने जिद्दाला जात. १९९५ पर्यंत हा जलमार्ग चालू होता. वर डेकवर लोक लब्बैक म्हणत असताना आपण खाली तेलाची बुधली घेऊन यंत्राभोवती फिरत होतो, हे अब्बा मोठ्या अभिमानाने सांगत.

त्यांच्या दाखल्याच्या पुस्तकात प्रत्येक सफरीची नोंद आहे. जहाजाचे नाव, हुद्दा, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि शेवटी शिक्का : व्हेरी गुड. अब्बांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण तो शिक्का ते बोट ठेवून दाखवत.

आमच्या मुलाने भायखळ्याच्या साबू सिद्दिक पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. सुट्ट्यांमध्ये तो दारूखान्याला मामूंच्या गाळ्यात जाई. रे रोड स्टेशनच्या पलीकडे, जिथे जुनी जहाजे तोडतात आणि त्यांच्या इंजिनांचे सुटे भाग डोंगरासारखे रचून ठेवलेले असतात, तिथे हा गाळा. बुडालेल्या लाँचचे डिझेल इंजिन उघडायचे, धुवायचे, पिस्टनच्या रिंगा बदलायच्या आणि पुन्हा बोलके करायचे. हात चांगला बसला होता. मामू म्हणत, "याला इंजिनाचा आवाज ऐकू येतो."

२०१६ मध्ये डिप्लोमा झाला, तेव्हा सरळ रस्ता समोर होता. डिप्लोमा झालेल्या मुलांसाठी मरीन इंजिनिअरिंगचे मान्यताप्राप्त निवासी प्रशिक्षण असते. ते करायचे, जहाजावर शिकाऊ म्हणून जायचे, 'टार बुक' नावाच्या वहीत केलेल्या प्रत्येक कामाची वरिष्ठांकडून सही घ्यायची, ठरलेली समुद्रसेवा भरली की चौथ्या वर्गाच्या इंजिनिअरची परीक्षा द्यायची. त्यानंतर दुसरा वर्ग, मग पहिला वर्ग, म्हणजे चीफ इंजिनिअर. या शिक्षणाची एक मोठी संस्था शिवडीला हे बंदर रोडवर आहे, आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर. आम्ही तिच्या भिंतीवरून शंभर वेळा गेलो असू. पण निवासी प्रशिक्षणाची फी लाखांत होती. त्याच वर्षी अब्बांचे ऑपरेशन झाले आणि धाकटी बारावीला होती. आम्ही म्हटले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच म्हटले.

त्या वेळी आमचे शेजारी, गिरणीतून निवृत्त झालेले काका, आम्हाला एक गोष्ट सांगायचे. ते लालबागच्या गिरणीत बॉयलर अटेंडंट होते. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि खात्यातले लोक रस्त्यावर आले. काकांच्या हाताखाली तसेच काम करणारे दोघे होते, हात काकांपेक्षा चांगला. पण बॉयलरच्या कायद्याखालची परीक्षा काकांनी दिली होती, त्या दोघांनी नव्हती. काकांना सहा महिन्यांत एका इस्पितळाच्या लाँड्रीत बॉयलरवर नोकरी मिळाली. ते दोघे भाजीची गाडी लावू लागले. "भाऊ, पोराला कागद करू द्या," काका म्हणायचे. "हात कितीही चांगला असू द्या, दारावरचा माणूस कागदच बघतो." आम्ही मान हलवायचो.

२०१८ मध्ये एका एजंटची माहिती मिळाली. दुबईत यॉट इंजिनिअर, पगार दिरहममध्ये, राहणे-खाणे मोफत, अनुभव दारूखान्याचा चालेल. त्याने 'खर्चाचे' म्हणून दीड लाख घेतले. धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेल्या दोन बांगड्या आम्ही मोडल्या. त्याच्याकडे माणसे पाठवण्याचे सरकारी लायसन्स आहे का, हे आम्ही विचारलेही नाही. हे आज लिहिताना शरम वाटते. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आर.पी.एस.एल. परवाना असावा लागतो, त्याचा क्रमांक पडताळून पाहता येतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेणे नियमाला धरून नाही. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारातही हेच आहे. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. व्हिसा आला, विमान आले, मुलगा गेला.

काम मात्र तो मनापासून शिकला. मालवाहू जहाजावर इंजिनच्या खात्यात पाच-दहा माणसे असतात, प्रत्येकाचे काम वाटलेले. यॉटवर हा एकटा. मुख्य इंजिने दोन, जनरेटर दोन, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र, मैलापाण्याची टाकी, एअर कंडिशनर, बोट डोलू नये म्हणून पोटाखाली बसवलेले पंख, पाहुण्यांच्या पाण्यातल्या स्कूटर. काहीही बिघडले की हाक त्यालाच. पाहुणे रात्री दोनला झोपले की याचे काम सुरू व्हायचे, कारण दिवसा आवाज झालेला चालत नसे. रमजानमध्ये पंचेचाळीस अंशांच्या इंजिनखोलीत रोजा धरून तो फिल्टर बदलायचा आणि दोन पाइपांच्या मधे बसून खजूर तोंडात टाकायचा. आमच्या नात्यातल्या काहींनी विचारलेही, यॉटवर पार्ट्या चालतात, मुलगा कसल्या ठिकाणी आहे? आम्ही सांगितले, तो पार्टीच्या एक मजला खाली आहे, आणि वर बोलावतात ते एसी बंद पडला तरच.

पैसे वेळेवर येत होते. बांगड्या परत झाल्या. धाकटी बी.एस्सी. झाली. आम्हाला वाटले, गाडी रुळावर आली.

आता त्या कचेरीतल्या दिवसाकडे परत येऊ. टेबलामागचे अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी मुलाला बसवून घेतले आणि नीट समजावले. जगभरच्या नाविकांचे शिक्षण, परीक्षा आणि पहारा यांचे नियम एका आंतरराष्ट्रीय कराराने ठरतात. १९७८ मध्ये झालेला हा करार 'एस.टी.सी.डब्ल्यू.' या नावाने ओळखला जातो. १९९५ आणि २०१० मध्ये त्यात मोठे बदल झाले. चौथ्या वर्गाची परीक्षा या कराराच्या चौकटीत आहे. इंजिनाची शक्ती किमान ७५० किलोवॅट हवी, ही अट मुलाची यॉट सहज पुरी करत होती. पण त्याने मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेले नव्हते, टार बुक नव्हते, आणि सर्वांत मोठी अडचण कराराच्या तिसऱ्या कलमात होती. हा करार कोणाला लागू नाही, याची तिथे यादीच आहे. युद्धनौका. मासेमारीच्या बोटी. व्यापारासाठी न वापरलेल्या मौजेच्या यॉट. आणि जुन्या पद्धतीने बांधलेल्या लाकडी नौका.

मुलाने ती यादी कागदावर उतरवून आणली होती. रात्री जेवताना त्याने ती वाचून दाखवली. अब्बा ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "लाकडी नाव म्हणजे माझे वडील. मासेमारीची बोट म्हणजे आपला ससून डॉकचा पुतण्या. मौजेची बोट म्हणजे तू. अख्ख्या घरात पुस्तकात मी एकटाच आलो की रे!" आम्ही सगळे हसलो. मुलगा हसला नाही.

त्या रात्री आम्हाला राग आला होता. तीन वर्षे ज्याने एकट्याने सगळी यंत्रे सांभाळली, त्याला इंजिनिअर म्हणायचे नाही, आणि हे ठरवणार कोण? पण पुढे माहिती मिळवत गेलो, तशी दुसरी बाजूही दिसली. १९७८ च्या मार्चमध्ये 'अमोको कादिझ' नावाच्या तेलवाहू जहाजाची सुकाणू फिरवणारी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली आणि ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर आदळून फुटले. मैलोन् मैल किनारा तेलाने काळा झाला. त्याआधी १९६७ मध्ये 'टॉरी कॅनियन' इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले होते. अशा अपघातांनी जगाला विचार करायला लावला, की जहाज कोणत्याही देशाचे असो, ते चालवणाऱ्याला काय यायला हवे, हे एकत्र बसून ठरवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. याच नियमांत नाविकाच्या विश्रांतीचीही मोजणी आहे. चोवीस तासांत किमान दहा तास, सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास. मुलगा हंगामात सलग अठरा-अठरा तास काम करायचा, ते कुठेच लिहिले जात नव्हते. सागरी श्रम करारही व्यापारी कामावर नसलेल्या बोटींना लागू नाही. म्हणजे त्याचा अनुभव ज्या कारणाने मोजला गेला नाही, त्याच कारणाने त्याची झोपही मोजली गेली नाही. पगार थकला असता किंवा मालकाने बोट सोडून दिली असती, तर दाद मागायला जागा शोधत फिरावे लागले असते. अल्लाहचा शुक्र, तशी वेळ आली नाही.

या लेखातली सर्वांत अवघड गोष्ट आता सांगायची आहे.

ऑक्टोबरमध्ये तोच एजंट पुन्हा आला. त्याला सगळे कळले होते. म्हणाला, काळजी कशाला करता? परदेशातल्या एका छोट्या देशाचे पुस्तक करून देतो. सुरक्षेचे कोर्स, आग विझवण्याचे, जीव वाचवण्याचे, सगळ्यांचे दाखले आणि इंजिनिअरचे सर्टिफिकेट, परीक्षा नाही, हजेरी नाही. तीन लाख. पंधरा दिवसांत मुलगा पुन्हा नोकरीवर.

आम्ही दोघे रात्रभर जागे होतो. आम्ही स्वतःची समजूत घातली, की मुलाला काम तर येतेच, मग कागद कुठून आला याला काय महत्त्व? हे खोटे कसे म्हणायचे? पहाटे आमचे ठरले होते, बांगड्या पुन्हा मोडायच्या. रोज फजरच्या नमाजाला उभे राहणारी माणसे आम्ही, त्या दिवशीही उभे राहिलो, आणि तरीही ठरलेले बदलले नाही. हे लिहायला हवे, कारण अशा एजंटकडे जाणारे लोक वाईटच असतात असे आम्हाला आधी वाटायचे.

सकाळी मुलाला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या वर्षी एका रात्री जनरेटरची तेलाची नळी फुटली आणि गरम भागावर डिझेल उडून पेट घेतला. तो जवळच होता, त्याने तेलाचा कॉक बंद केला आणि आग तिथल्या तिथे विझली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

"पण अब्बा, मला काय करायचं ते माहीत नव्हतं," तो म्हणाला. "हाताला कॉक लागला म्हणून वाचलो. धूर भरला असता, तर बाहेर कसं पडायचं, हवा कशी तोडायची, मला कोणी शिकवलंच नव्हतं. वर बारा माणसं झोपली होती. तुम्ही जो कागद विकत घेणार, त्यावर लिहिलेलं असेल की मला हे येतं."

आम्ही काही बोललो नाही. अब्बा आतून म्हणाले, "त्याचं ऐका." एजंटला फोन करून नाही म्हणून सांगितले.

मग उलट्या बाजूने सुरुवात झाली. आधी मेडिकल. ही पहिली पायरी आम्ही सर्वांना मुद्दाम सांगतो. जहाजावरच्या नोकरीसाठी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून तपासणी लागते आणि तिच्यात डोळ्यांची, रंग ओळखण्याचीही चाचणी असते. लाखांची फी भरल्यावर मुलाला रंग नीट दिसत नाहीत हे कळण्यापेक्षा ते आधी कळलेले बरे. त्यानंतर त्याने सुरक्षेचे चार मूलभूत कोर्स केले : पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, आणि जहाजावरची वैयक्तिक सुरक्षा. आगीच्या प्रात्यक्षिकात धुराने भरलेल्या खोलीत मास्क लावून आत जावे लागते. तो घरी आला तेव्हा कपड्यांना धुराचा वास होता. आम्हाला म्हणाला, "आता कळलं त्या रात्री काय झालं असतं."

बेसिक कोर्स झाल्यावर त्याला सीडीसी मिळाले. अब्बांनी आपली नळी काढली. नवे पुस्तक नळीत मावेना. तरी ती त्याला दिली.

यॉटवाल्यांसाठी वेगळी शिडी असते, हे त्याला याच काळात कळले. यॉटच्या जगात ब्रिटनच्या सागरी खात्याची सर्टिफिकेटे चालतात. पूर्वी त्यांना 'वाय' अक्षर असायचे, वाय-४ पासून वाय-१ पर्यंत, आणि ती फक्त यॉटवरच चालत. आता त्यांच्या जागी लहान नौकांच्या इंजिनिअरची शिडी आली आहे. सुरुवात इंजिनाच्या मान्यताप्राप्त कोर्सने होते आणि मग समुद्रसेवा, अभ्यासक्रम, तोंडी परीक्षा अशा पायऱ्या. यात खासगी यॉटवरची सेवाही धरली जाऊ शकते, पण ती सिद्ध करावी लागते. पत्रात यॉटचे नाव, नोंदणीचा क्रमांक, ध्वज, लांबी, टनभार, इंजिनाची किलोवॅटमधली शक्ती, चढल्या-उतरल्याच्या तारखा, समुद्रात प्रत्यक्ष काढलेले दिवस आणि कप्तानाची सही-शिक्का हवा. वर ते पत्र यॉट कर्मचाऱ्यांच्या मान्य संघटनेकडून पडताळून घ्यावे लागते.

आमच्या पत्रात यातले काहीच नव्हते. प्रामाणिक आहे, मेहनती आहे, एवढेच.

मुलाने जुन्या कप्तानाला शोधायला सुरुवात केली. यॉट विकली गेल्यावर तो युरोपात गेला होता. स्वयंपाक्याकडून एक नंबर, त्यावरून दुसरा, असे करत सात महिने गेले. अखेर तो सापडला आणि भला निघाला. त्याने नीट पत्र करून दिले, पण फक्त एकोणीस महिन्यांचे, कारण तेवढाच काळ तो स्वतः त्या बोटीवर होता. आधीचा कप्तान सापडला नाही. सोळा महिने गेले ते गेले.

२०२३ मध्ये मुलगा पुन्हा निघाला, या वेळी परवाना असलेल्या एजंटमार्फत, व्यापारी नोंदणी असलेल्या भाड्याच्या यॉटवर. हुद्दा खालचा, दुसऱ्या इंजिनिअरचा मदतनीस. पगार पूर्वीपेक्षा कमी. जमत आलेले एक लग्न यातच मोडले. मुलीच्या वडिलांचे म्हणणे चुकीचे नव्हते, वय सत्तावीस आणि पगार उतरता. पण विश्रांतीचे तास तिथे रोज लिहिले जातात, आणि दर सफरीनंतर पुस्तकात नोंद होते.

त्याच वर्षी हिवाळ्यात अब्बा अल्लाहला प्यारे झाले. मुलगा समुद्रात होता, मातीला येऊ शकला नाही. जाण्यापूर्वी एकदा अब्बा त्याला मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये घेऊन गेले होते. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना दर्याखेरीज दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून जास्त नाविकांचे स्मारक तिथे आहे. अब्बांनी त्याला सांगितले होते, यात आगवाले आहेत, तेलवाले आहेत, आपल्यासारखेच. दफ्तरात नाव होते, म्हणून इथे आले.

आता आपल्या घरांतल्या मुलांसाठी आम्ही शिकलो ते थोडक्यात सांगतो. मालवाहू जहाजाची परीक्षा झालेल्याला पुढे यॉटवर जाता येते, त्याचे सर्टिफिकेट दुसऱ्या देशाच्या ध्वजाखाली मान्य करून घेण्याची पद्धत आहे. यॉटवरून मालवाहू जहाजाकडे येणारी वाट मात्र फार अरुंद आहे. म्हणून जमत असेल तर सुरुवात सरळ वाटेने करावी. मेकॅनिकलची पदवी असेल तर एक वर्षाचे प्रशिक्षण, डिप्लोमा असेल तर त्यांचा वेगळा अभ्यासक्रम, बारावी विज्ञान असेल तर चार वर्षांची मरीनची पदवी. दहावी झालेल्यांना खलाशी म्हणून सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. युसूफ घराण्याच्या दानातून उभी राहिलेली न्हाव्याची 'रहमान' ही संस्था शंभरावर वर्षे अशा मुलांना दर्यावर पाठवत आली आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्था नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहे का, ते पाहावे. फी जड वाटते हे आम्हाला माहीत आहे. आमचीही वाटली होती. पण एजंटचे दीड लाख, वाया गेलेले सोळा महिने आणि घरी बसून काढलेला काळ यांची बेरीज आमच्या घरातल्या हिशेबनिसाने नंतर केली, तेव्हा ती फी लहान वाटली.

आणि ज्याचा मुलगा आधीच यॉटवर, लाँचवर किंवा टगवर आहे, त्याने त्याला आजच फोन करावा. बोट सोडायच्या दिवसाची वाट पाहू नये. कप्तान बदलण्याआधी, मालक बदलण्याआधी, दर काही महिन्यांनी पत्र करून घ्यावे. एक प्रत स्वतःजवळ, एक घरी.

आमच्या मुलाचा इंजिनाचा पहिला कोर्स झाला आहे. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तो सुट्टीवर आला की सकाळी दारूखान्याला मामूंच्या गाळ्यात जातो आणि रात्री अभ्यास करतो. गेल्या आठवड्यात गाळ्यातल्या एका पोराने त्याला विचारले, दुबईत यॉटवर नोकरी आहे, एजंट बोलावतोय, जाऊ का? मुलाने त्याला घरी आणले. आम्ही चहा केला, कपाट उघडले आणि त्याच्यासमोर दोन पत्रे ठेवली, एक चार ओळींचे आणि एक एकोणीस महिन्यांचे. तो पोरगा दोन्ही पत्रे पुन्हा पुन्हा वाचत बसला होता. चहा निवून गेला.

आमच्या मुलासाठी दुआ करा.